लुबर्टचा निळा पडदा

लुबर्टला साधं "चहा की कॉफी?" विचारलं तरी एका शब्दात उत्तर मिळायचं नाही. "सकाळी कॉफी झालेली असल्यामुळे आता चहा बरा, मात्र कॉफी आधीच केलेली असल्यास ती वाया जाऊ नये, या अटीवर कॉफी," असं तो म्हणायचा, आणि तोवर मी दोन्ही ओतून मोकळी झालेली असायचे. आयुष्यभर त्याने नोटरीच्या कचेरीत खरेदीखतांचे आणि मृत्युपत्रांचे मसुदे लिहिले. खत एका वाक्यात संपलं पाहिजे, मध्ये पूर्णविराम दिला की त्या फटीतून वकील आत शिरतो, असं त्याचं म्हणणं. हॉलंडमधल्या आमच्या कांपेन गावातल्या कितीतरी घरांची खतं त्याच्या हातची आहेत. मी पडले लहान मुलांना पोहायला शिकवणारी बाई. तलावाच्या काठावरून "पाय", "श्वास", "मान" एवढंच ओरडायची सवय. लग्नानंतर त्याच्या या चऱ्हाटाचा मला फार राग यायचा. पुढे राग गेला असं नाही, पण त्याची सवय झाली.

मग सप्टेंबरमध्ये त्याच्या मेंदूत रक्ताची गुठळी अडकली. उजवा हात गेला, उजवा पाय अर्धा गेला आणि बोलणं पार गेलं. डॉक्टरांनी मला समजावलं की शब्द आत शाबूत आहेत, बाहेर पडायची वाट बंद झाली आहे. म्हणजे माणूस आत आणि दाराला बाहेरून कडी. डाव्या हातात पेन दिलं तर त्याच्याकडून नुसत्या रेघोट्या निघायच्या, आणि त्या रेघोट्यांकडे बघून तो स्वतःच तोंड फिरवायचा.

आमचा मुलगा राइंडर जवळच्या झ्वोले शहरात विम्याच्या कंपनीत आहे. वाईट नाही तो. आठवड्यातून तीनदा गाडी हाणत येतो, बाबांना आंघोळ घालतो, त्याची स्वतःची पाठ दुखते तरी बोलून दाखवत नाही. पण त्याला प्रत्येक गोष्ट लवकर मिटवायची असते. त्याने बाबांसाठी एक टॅब्लेट आणला. त्यावर चित्रं होती: कप, ताट, बिछाना, संडास, हसरा चेहरा, रडका चेहरा, लाल अंगठा खाली, हिरवा अंगठा वर. चित्र दाबलं की आतली एक बाई लाडिक आवाजात बोलायची, "मला तहान लागली आहे." लुबर्टने तो टॅब्लेट असा काही पाहिला, की जणू कोणीतरी त्याला भर चर्चमध्ये लाळेरं बांधलंय. अगदी अडलं तरच तो संडासाचं चित्र दाबायचा.

वाचा-उपचार करणारी इफ्के नावाची मुलगी यायची. तिने सुचवलं की यांना टाइप करून बघू दे. राइंडरने नवा लॅपटॉप आणला, त्यात लिहिण्याचा नवाकोरा प्रोग्राम. लुबर्टने डाव्या हाताच्या एका बोटाने कसाबसा एक शब्द टाइप केला, कचेरीतल्या खतांमधला जुना, जड शब्द. प्रोग्रामने तो शब्द आपल्या मनाने बदलून दुसराच घातला. लुबर्टने तो खोडून पुन्हा लिहिला. प्रोग्रामने पुन्हा बदलला आणि वर एक चौकट उघडून विचारलं, लिहायला मदत हवी आहे का. त्याने हात मागे घेतला आणि डोळे मिटून घेतले. इफ्के म्हणाली, इतक्यात नको, दमलेत ते. मला त्या चौकटीला कानाखाली वाजवावीशी वाटली.

जेवणाच्या टेबलाच्या कडेवर त्याची डावी बोटं मात्र सारखी चालायची. राइंडर म्हणायचा, झटके आहेत, औषधाने जातील. मला तो ठेका ओळखीचा होता. मागच्या खोलीत बसून तो संध्याकाळी चर्चच्या मंडळाची, नाहीतर शेजाऱ्यापाजाऱ्यांची पत्रं लिहायचा, तेव्हा भिंतीपलीकडून मी तीच ठकठक इतकी वर्षं ऐकत आले होते. एका गुरुवारी मी त्याला चाकांच्या खुर्चीसकट मागच्या खोलीत ढकलत नेलं आणि त्याच्या जुन्या कम्प्युटरसमोर आणून बसवलं. कचेरीने भंगारात काढलेला, त्याने मागून घरी आणलेला तो डबा. त्यात त्याचा वर्डपरफेक्ट, लिहिण्याचा जुना प्रोग्राम, नोटरीच्या कचेरीत पहिल्यांदा आला होता तोच. चालू केला की सगळा पडदा निळा, त्यावर पांढरी अक्षरं, बास. ना चित्रं, ना चौकटी, ना सल्ले.

लुबर्टने डावा हात कीबोर्डवर ठेवला आणि तो हात चालायला लागला. एकच हात, तोही हळू, पण थांबेना. मी त्याच्या खांद्यावरून वाचलं.

"फेना, सप्टेंबरपासून मला दररोज देण्यात येणारी कॉफी ही कोमट असते, आणि ही बाब मी बोलून दाखवू शकत नसल्यामुळे ती मला मान्य आहे, असा समज कोणीही करून घेऊ नये."

मी हसले, मग रडले, मग जाऊन कडक कॉफी केली. इफ्केला मी फोन करून वाचून दाखवलं तेव्हा तिने ते मला पुन्हा एकदा वाचायला लावलं. नंतर तिने सांगितलं की नवीन गोष्ट शिकायला डोकं लागतं, पण ही वाट त्याच्या बोटांत मुरलेली आहे, बोटं चालायला लागली की त्यांच्यामागून शब्द येतात. पाण्यात पडलेल्या माणसाचे पाय हलतात तसं. पोहण्याचं तिने मला सांगू नये, पण मुद्दा मला पटला.

त्या हिवाळ्यात आम्ही जितकं बोललो तितकं लग्नानंतर कधी बोललो नसू. तो लिहायचा, मी स्वयंपाकघरात थांबायचे. लिहिताना कोणी मागे उभं राहिलेलं त्याला कचेरीतही खपायचं नाही. झालं की तो बोटाच्या पेराने टेबलावर दोनदा वाजवायचा, मग मी जाऊन वाचायचे आणि तोंडाने उत्तर द्यायचे. आम्ही भांडलोसुद्धा, शेजारच्या बाईच्या मांजरावरून, माझ्या बहिणीवरून. एकदा त्याने लिहिलं की त्याला आंघोळ घालताना मी तलावाच्या काठावर असल्यासारखी ओरडते. ते खरं होतं.

फेब्रुवारीत त्या डब्यातून रबर जळल्यासारखा वास आला आणि निळा पडदा काळा झाला. दुरुस्तीवाल्याने उघडून पाहिलं आणि मान हलवली. हे आता संग्रहालयात द्या, म्हणाला. लुबर्ट पुन्हा गप्प झाला. बोटं टेबलाच्या कडेवर चालायची आणि मला त्यातलं एक अक्षर कळायचं नाही.

मार्चमध्ये राइंडर आला तो कोट न काढताच स्वयंपाकघरात शिरला. नदीपलीकडच्या वृद्धाश्रमात एक खोली रिकामी झाली होती. सोमवारी दुपारपर्यंत हो म्हटलं नाही तर ती पुढच्या माणसाला जाणार होती, आणि मग वर्षभर तरी दुसरी मिळण्याची आशा नव्हती. लुबर्ट पुढच्या खोलीत खिडकीशी बसला होता, म्हणून आम्ही हळू आवाजात बोलत होतो. माणूस बोलत नाही म्हणजे त्याला ऐकूही येत नाही असं आपण का धरून चालतो, कोण जाणे.

"आई, तुझं वय काय, त्यांचं वजन काय," तो म्हणाला. "जानेवारीत तू त्यांच्यासकट बाथरूममध्ये पडलीस. पुढच्या वेळी दोघं तिथेच पडून राहाल, मला दोन दिवसांनी कळेल."

"मी नाही म्हणत नाहीये," मी म्हटलं. "पण घर त्याचं, जीव त्याचा. त्याला विचार."

"विचारलं ना. टॅब्लेटवर विचारलं. ते बघतसुद्धा नाहीत."

"टॅब्लेटवर विचारतात होय असलं? घर सोडशील का, अंगठा वर की खाली? त्याला सांगायचं असेल ते तो लिहून सांगेल."

"कशावर लिहून? तो डबा मेलाय, आई."

"मग मी तो जिवंत करते," मी म्हटलं. "आणि तो जे लिहील ते तुला मान्य करावं लागेल. मलाही. तो जातो म्हणाला तर मी स्वतः त्याची बॅग भरीन."

राइंडर म्हणाला, ठीक आहे. हे त्याचं मला मान्य करावंच लागेल, त्याने शब्द दिला होता.

आता मला कम्प्युटरमधलं काय कळतं? ओ का ठो नाही. पण नडलं की माणूस काय वाट्टेल ते शिकतो. इफ्केने इंटरनेटवर शोधून दिलं की हा जुना प्रोग्राम अजून वापरणाऱ्यांचा एक गट आहे. निवृत्त भाषांतरकार, कोर्टातले लेखनिक, एक-दोन पाद्री. त्यांतले झुटफेनचे मेनो शूरिंक म्हणून गृहस्थ फोनवर मिळाले. आयुष्यभर कायद्याच्या कागदांची भाषांतरं केलेले. मी सगळी हकिकत सांगितली तेव्हा ते म्हणाले, "तुमचे यजमान एकटे नाहीत, बाई. आम्ही बरेच आहोत अजून. मरायचे तेवढे राहिलोय." मला हा माणूस लगेच आवडला.

त्यांच्या सांगण्याप्रमाणे मी मेलेल्या डब्यातली डिस्क स्क्रू काढून बाहेर घेतली, एका तारेने नव्या लॅपटॉपला जोडली आणि जुना प्रोग्राम त्यात उतरवून घेतला. चालू करायला गेले तर लॅपटॉपने सरळ सांगितलं, हा प्रोग्राम या कम्प्युटरवर चालू शकत नाही. कारण विचारायची सोय नाही. मेनो म्हणाले, वाटलंच होतं, नव्याला जुन्याची लाज वाटते. मग त्यांनी दुसरा एक प्रोग्राम घ्यायला लावला, जो नव्या कम्प्युटरच्या पोटात बसून जुन्या कम्प्युटरचं सोंग घेतो. त्या सोंगाच्या आत आपला वर्डपरफेक्ट टाकायचा. तो बिचारा फसतो, त्याला वाटतं अजून जुनेच दिवस चालू आहेत. मला वाटलं, आमच्या चर्चमधल्या निम्म्या लोकांसाठी असं काही मिळालं तर बरं होईल.

निळा पडदा उघडला तेव्हा मी स्वयंपाकघरात एकटीच होते आणि एकटीच टाळ्या वाजवल्या. पण लॅपटॉपच्या वरच्या ओळीतली बटणं भलतीच. ज्या बटणाने लुबर्टचं पान बंद व्हायचं त्या बटणाने इथे पडद्याचा उजेड जायचा, दुसऱ्याने आवाज वाढायचा. त्याला तर सगळी कामाची बटणं डाव्या हाताला लागतात, दोन उभ्या रांगांत, जुन्या कीबोर्डवर असायची तशी. तेही नशीबच म्हणायचं, हात डावाच उरला होता. तो कीबोर्ड मी माळ्यावर टाकलेल्या सामानातून शोधून काढला, ब्रेडचे कण झटकले, आणि तो जोडायला लागणारं बोंडूक, अडॅप्टर म्हणतात ते, आणायला बसने झ्वोलेला गेले. दुकानातल्या माणसाने विचारलं, हे कशासाठी हवंय. मी म्हटलं, नवऱ्याशी बोलायला.

शनिवारी दुपारी जेवण झाल्यावर मी लुबर्टला मागच्या खोलीत नेलं. निळा पडदा पाहून त्याने माझ्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे. डावा हात उचलून त्याने माझ्या गालाला लावला. असले प्रकार त्याने आयुष्यात फार केलेले नाहीत. मी त्याच्यासमोर स्टुलावर बसले आणि सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. खोली मिळाली आहे. राइंडरला वाटतं तू जावंस. मला काय वाटतं ते मला खरंच कळत नाही, लुबर्ट, कधी वाटतं मी उद्या मरेन इतकी दमलेय आणि कधी वाटतं तू या घरात नसशील तर मी इथे करू काय. सोमवारी उत्तर द्यायचंय. ते तू द्यायचंस. राइंडरने शब्द दिलाय, तू लिहिशील ते होईल.

त्याने हाताने मला बाहेर जायची खूण केली.

मी वाटाण्याचं सूप चढवलं, जाड, त्याला आवडतं तसं, चमचा उभा राहील असं. भिंतीपलीकडून ठकठक येत होती. मध्येच थांबायची, मग पुन्हा सुरू. मी एकदा कॉफी नेऊन ठेवली तेव्हा मान मुद्दाम दुसरीकडे वळवली, तरी पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात पानाचा आकडा असतो तो डोळ्यांत भरलाच. तिसरं पान चालू होतं. डाव्या हाताने, आजारी माणसाने, तीन पानं. मला हुरूप आला. काय लिहिलं असेल ते असो, माझा नवरा माझ्याशी बोलत होता, तेही त्याच्या नेहमीच्या लांबलचक पद्धतीने. संध्याकाळ झाली तरी दोनदा वाजवलेलं ऐकू आलं नाही. मग एकदाच वाजलं. ते संडासासाठी.

एका माणसाला खुर्चीतून उठवून आमच्या त्या खणाएवढ्या संडासात नेऊन बसवायचं म्हणजे मोठंच काम असतं. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे संडासाच्या दाराआड लटकवलेल्या वाढदिवसांच्या कॅलेंडरकडे बघत तो बसतो आणि मी त्याला धरून अर्धी दारात उभी राहते. तेवढ्यात पुढचं दार उघडल्याचा आवाज आला. राइंडर. मी तिथूनच ओरडले की येतोय आम्ही, सूप बघ जरा खाली लागत असेल तर. तो म्हणाला, हो.

परत आलो तर मागच्या खोलीत निळा पडदा नव्हता. लॅपटॉपवर एक व्हिडिओ चालू होता. स्वच्छ पलंग, पडदे, खिडकीतून कालवा आणि बदकं, आणि कोणीतरी बाई सांगत होती की इथे दर बुधवारी ऑर्गन वाजवायला माणूस येतो. राइंडर हौसेने खुर्ची सरकवत होता.

"बाबा, बघा तरी. आज सकाळी स्वतः जाऊन काढलंय. मोठ्या पडद्यावर दाखवावं म्हटलं."

"इथे जे होतं ते कुठंय?" मी विचारलं.

"ते निळं? बंद केलं. कोपऱ्यातल्या फुलीवर दाबलं."

"ठेवायचं की नाही असं त्या प्रोग्रामने काही विचारलं नाही?"

"नाही. लगेच बंद झालं." मग त्याचा चेहरा हळूहळू बदलला. "आई, आता सगळं आपोआप सेव्ह होतं. सगळ्या प्रोग्राममध्ये होतं."

होतं ना. नव्या प्रोग्राममध्ये होतं. पण सोंग घेणाऱ्याचा गळा एकदम आवळला तर आतल्याला बिचाऱ्याला काय कळणार? मी पुन्हा सगळं चालू केलं. निळा पडदा आला, कोरा. लुबर्टच्या नावाने ठेवलेलं काहीच नाही, कारण तो कागद पुरा झाल्याशिवाय त्याला नाव देत नसे. कचेरीतली रीत. राइंडर तीनतीनदा माफी मागत होता. तरी त्या क्षणी मला तो डोळ्यांसमोर नको होता. मी त्याला सांगितलं की पुढच्या खोलीत जाऊन बस.

लुबर्ट मात्र चिडला नाही. कोऱ्या पडद्याकडे बघत राहिला, मग त्याने हात पुन्हा कीबोर्डवर ठेवला. मी पाहिलं, त्याचा हात आता जड झाला होता. एकेका अक्षरासाठी बोट हवेत थांबत होतं. तरी ठकठक सुरू झाली. मी बोळात जाऊन मेनो शूरिंकना फोन लावला. ते जेवायला बसले होते.

सगळं ऐकून ते म्हणाले, "रडू नका. गेलेलं नाही ते. तो प्रोग्राम दर दहा मिनिटांनी गुपचूप एक प्रत काढून ठेवतो. नीट बंद केला तर ती पुसतो, पण असा मेला तर ती प्रत राहते. पडलेली असणार कुठेतरी."

मी जिन्याच्या पायरीवर बसले. कशी काढायची ती, मी विचारलं.

"काही करू नका. प्रोग्राम चालू ठेवा. थोड्या वेळाने तो नवी प्रत काढायला जाईल, तेव्हा त्याला ती जुनी सापडेल आणि तो खाली एका ओळीत विचारेल, जुनी प्रत सापडली, काय करू. एक दाबलं की नाव देऊन ठेवतो, दोन दाबलं की पुसतो. एक दाबायचं. विसरू नका हं, एक." मग ते थोडं हसले. "आमच्या कचेरीत सगळे दोनच दाबायचे. मशीन रोज अडकायचं, रोज सकाळी ती ओळ यायची, तीही नेमकी लिहिता लिहिता मध्येच. कोण वाचतंय. बोट आपोआप जायचं दोनवर आणि काम पुढे चालू."

मी पुढचं ऐकलं नाही. फोन हातात तसाच धरून मागच्या खोलीकडे गेले. लुबर्ट वाकून लिहीत होता. पडद्यावर दीड ओळ होती. मी दारात पोचले आणि पडद्याच्या अगदी खाली ती ओळ उगवली.

"थांब," मी ओरडले.

त्याचं बोट पोचलेलं होतं. त्याने ओळीकडे बघितलंही नव्हतं. नोटरीच्या कचेरीत उभी हयात रोज सकाळी दाबलेला दोन, आजारपणानेही न विसरलेला. ओळ नाहीशी झाली आणि पुढच्या अक्षरासाठी त्याचा हात उचलला गेला, तो तसाच राहिला. त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडावर काय होतं कोण जाणे. मग तो पडद्याच्या त्या रिकाम्या खालच्या पट्टीकडे बघायला लागला, आणि मला कळलं की त्यालाही कळलं आहे. त्याच्यापेक्षा जास्त चांगलं कोणाला कळणार होतं?

फोनमधून मेनो हॅलो हॅलो करत होते. मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले की नव्या डिस्कवरून पुसलेलं सहसा परत येत नाही, तरी उद्या मी प्रयत्न करून बघतो. रविवारी ते स्वतः गाडी घेऊन झुटफेनहून आले, दुपारभर बसले आणि खाली मान घालून परत गेले. पण हे पुढचं.

त्या संध्याकाळी मी लुबर्टजवळ बसून म्हटलं की अजून दीड दिवस आहे, तू उद्या लिही, सगळं नको, थोडंच लिही. पडद्यावर त्याची दीड ओळ होती. "फेना, मघाशी जे लिहिलं होतं ते त्याच क्रमाने व त्याच शब्दांत पुन्हा लिहिणं मला शक्य होईल असं वाटत नाही, तरी" आणि पुढे काही नाही. मी कीबोर्ड त्याच्याकडे सरकवला. त्याने डावा हात उचलला आणि आपल्याच मांडीवर ठेवला, तळवा वर, एखादी तुटलेली वस्तू ठेवावी तसा. त्या हाताकडे त्याने ज्या नजरेने पाहिलं ती मी विसरू शकत नाही. सप्टेंबरपासून तेवढा एकच त्याच्या बाजूने राहिला होता.

रविवारी त्याने कीबोर्डला हात लावला नाही. सोमवारी सकाळीही नाही. टेबलाच्या कडेवर चालणारी बोटंसुद्धा थांबली होती. मी विनवलं, मग ओरडले, मग माफी मागितली, मग पुन्हा ओरडले. राइंडर अकराच्या सुमारास आला. तो रात्रभर झोपलेला नव्हता हे दिसत होतं. त्याने कोणाला घाई केली नाही, कॉफी घेतली, बिस्किट घेतलं नाही. मग टॅब्लेट आणून बाबांसमोर ठेवला आणि त्यांच्या खुर्चीशी गुडघ्यांवर बसला.

"बाबा, मला माफ करा," तो म्हणाला. "पण बाराच्या आत फोन करायचाय. तुम्ही जे म्हणाल ते. जाऊ या म्हणताय, की नको?"

लुबर्टने खिडकीबाहेर पाहिलं. मग टॅब्लेटकडे न बघताच हात पुढे केला आणि हिरव्या अंगठ्यावर ठेवला.

राइंडर रडायलाच लागला, सुटल्यासारखा. बघ, आई, तो म्हणाला, त्यांनी स्वतः सांगितलं. मी शब्द पाळलाय, आता तूही पाळ. मी त्याला म्हटलं, हे सांगणं नव्हे. तीन पानं लिहिली होती त्याने, तीन पानं, कोणी हो म्हणायला तीन पानं लिहितं का? राइंडर म्हणाला, बाबा लिहितात, आई. आणि तेही खरंच होतं. तीन पानांत हो असेल, नाही असेल, काही अटींवर हो असेल, मला कसं कळणार? मी इतकी वर्षं त्याची वाक्यं अर्ध्यावर सोडून कॉफी ओतायला गेले, आणि आता एका वाक्याचा शेवट कळावा म्हणून मी काहीही द्यायला तयार होते.

मी राइंडरला बाजूला सारून स्वतः खाली बसले. लुबर्टचं तोंड दोन्ही हातांनी माझ्याकडे वळवलं. "माझ्याकडे बघ," मी म्हटलं. "खरंच जायचंय तुला? की नुसता कंटाळलास?"

त्याने माझ्याकडे पाहिलं, चांगलं बराच वेळ पाहिलं. ओठ हलले, घशातून नुसता वारा आला. मग त्याने पुन्हा हात पुढे केला, बोटाने चाचपून तोच हिरवा अंगठा दाबला, आणि टॅब्लेटमधल्या त्या बाईने लाडिक आवाजात सांगितलं, "हो, मला चालेल."